लेकीचा झोपाळू लॅपटॉप

टेलरबाईंच्या घरात दुपारची जेवणं आटोपली की एक गुंगी उतरत असे. पुढच्या खोलीत शिवणाची दोन मशिनं, कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीवरच्या दांडीला गिऱ्हाइकांचे बाह्या नसलेले, कॉलर नसलेले, अर्धेमुर्धे कपडे, आणि खिडकीला पडद्याच्या जागी अस्तराचं पिवळसर कापड. ऊन त्या अस्तरातून गाळून आत यायचं आणि सगळ्या खोलीला मधाचा रंग चढायचा. रस्त्यावरून कुणी सायकलवर गेलं की नुसती सावली अस्तरावरून तरंगत जायची. बाईंना ही वेळ फार आवडायची. पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप हलत असायचे, कापड सुईखालून वाहत असायचं, आणि आपण जाग्या आहोत की झोपलोय हे बाईंना स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. त्या अवस्थेत एकही शिवण कधी वाकडी गेली नाही, हे मात्र त्या कुणालाही ठणकावून सांगायच्या.

लेक बोलायला यायची ती याच वेळी. यायची म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर. तिच्याकडे तेव्हा तिन्हीसांज झालेली असायची, म्हणजे एका घरात दुपार आणि दुसऱ्या घरात दिवे, अशा दोन उजेडांत मायलेकी समोरासमोर बसायच्या. लहानपणी ती एका जागी कधी ठरायची नाही म्हणून बापाने तिचं नाव खार ठेवलं होतं, ते अजून चालू होतं. खार नोकरीसाठी दूर गेली, तिथेच लग्न करून राहिली, आणि तिचा कॉलेजातला लॅपटॉप मागे राहिला. मागे राहिलेल्या वस्तूचे घरात फार लाड होतात, तसे त्याचे झाले.

आता त्याचं वय झालं होतं. बिजागरी करकरायची. उजवा स्पीकर मुका झाला होता आणि डावा पुटपुटायचा. पंखा सुरू झाला की पलीकडच्या घरात कुणीतरी तिसरं शिवणयंत्र चालवतंय असं वाटायचं. नवा घ्या, असं लेक कितीदा म्हणाली होती. पण बाईंचे यजमान पडले लिफ्ट दुरुस्त करणारे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अडकलेल्या लिफ्टी सोडवलेले. उघडून बघितल्याशिवाय कुठल्याही यंत्राला भंगार म्हणायचं नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी गल्लीत त्यांना लिफ्टवालेच म्हणत. घरात उघडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, मिक्सर दोनदा उघडून झाला होता, त्यामुळे लॅपटॉपकडे त्यांचं बारीक लक्ष असायचं.

बाईंच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची गादी असे. सकाळी अंघोळ झाली की ती चढायची ती अंथरुणावर पडतानाच उतरायची. पूर्वी बाई फरशीवर सांडलेल्या टाचण्या वाकून वाकून वेचायच्या आणि मग कंबर धरून उठायच्या. ते लिफ्टवाल्यांना बघवेना. म्हणून भंगारात निघालेल्या एका लिफ्टमधलं दणकट लोहचुंबक त्यांनी मखमलीत घालून पट्ट्यावर बसवून दिलं. हात नुसता फिरवला की टाचण्या उडून मनगटावर. बाईंचे लग्नातले दागिने कपाटात पडून होते, हा एकच दागिना अंगावर राहिला होता.

लॅपटॉपचं दुखणं सुरू झालं ते असं. त्या दिवशी लेक इकडचं तिकडचं बोलत होती. बाई जावयासाठी सदरा बेतत होत्या. जावई त्यांचा भलताच लाडका. आई नसलेला पोरगा, पहिल्याच भेटीत "तुमच्या हातचं एक शिवलेलं द्या" म्हणाला, तेव्हापासून बाई विरघळल्या होत्या.

"जावईबापूंचा खांदा आता केवढा झालाय गं? माप घेऊन सांग. मागच्या फोटोत जरा वाळल्यासारखे दिसले."

लेकीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "आई, ऐक ना. एक सांगायचंय तुला."

आवाज खाली गेला होता. डावा स्पीकर तर आधीच पुटपुट्या. बाई हातातली कात्री ठेवून, टेबलावर हात टेकून पुढे झुकल्या आणि पडदा काळा झाला. काळ्या काचेत बाईंना आपलाच चेहरा दिसला, उत्सुक, तोंड अर्धवट उघडं.

बटण दाबलं तर लॅपटॉप शहाण्यासारखा जागा झाला, फक्त लेक गेली होती, आणि तिला परत हाक लावणं बाईंना येत नसे. बाईंच्या हातात एरवी साधा बटणांचा फोन, त्यावर चेहरा दिसायची सोय नाही. त्यांनी निरोप पाठवला, "मशीन झोपलं गं." थोड्या वेळाने उत्तर आलं, "बरं."

फोनवर आवाजात का नाही बोलल्या, असं कुणी विचारील. तर या घरात एक नियम होता आणि तो बाईंनीच घातलेला होता. खार शिकायला बाहेरगावी जाणार हे तिने आधी बापाला सांगितलं, आणि बापाने चाचरत बाईंना. त्या दिवशी बाई कडाडल्या होत्या, "मला सांगायचं ते माझ्या तोंडावर सांगायचं. मधे वकील नको." तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं तोंड बघून, आणि फोनवर फक्त पोचलो, जेवलो, पैसे मिळाले. नियम घालताना लेक शेजारच्या खोलीत होती. ती समुद्रापलीकडे जाईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

पुढच्या वेळीही तेच झालं. हवा, गिऱ्हाइकं, शेजारणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं ठणठणीत चाललं. लेकीने आवाज खाली आणून "आई, मी काय म्हणत होते" असं म्हटलं आणि बाई जरा सरकून बसल्या, की लॅपटॉपने मान टाकली.

"झोपतो म्हणजे काय करतो नक्की?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकले होते. बऱ्याच दिवसांनी घरात धडधाकट दुखणं आलं होतं.

"झोपतो म्हणजे झोपतो. डोळे मिटतो."

"गरम होतो का?"

"मी काय त्याच्या कपाळावर हात ठेवून बघते?"

लिफ्टवाल्यांची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग यंत्राला भरपूर चालवायचं, मग दुसरी. सगळं एकदम बदलणाऱ्याला दुखणं कधी सापडत नाही, नुसतं बरं वाटतं, असं ते म्हणायचे. त्यांनी जुनी चादर अंथरली, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि लॅपटॉप पालथा घातला. पहिला संशय पंख्यावर. पंखा निघाला तो लोकरीचा गुंडाच. एवढ्या वर्षांचे दोरे, कापसाचे तंतू, मखमलीची लव, बाईंच्या हातून गेलेला प्रत्येक रंग त्यात थोडाथोडा होता. लिफ्टवाल्यांनी तो चिमट्याने ओढून काढला तेव्हा बाईंना त्यात एक गुलाबी धागा ओळखू आला. कुणाचा तरी साखरपुड्याचा पोशाख असणार. मुख्य चिपवर लावलेलं पांढरं मलम वाळून खडूसारखं झालं होतं, तेही त्यांनी खरवडून नवीन लावलं. मग लॅपटॉपवर दिवसभर सिनेमे लावून ठेवले. एकदाही डुलकी नाही.

"झालं काम," ते म्हणाले.

पुढच्या वेळी लेक आली. तिचा आवाज खाली गेला आणि पडदा काळा झाला.

मग बॅटरीवर आळ आला. बॅटरी काढून नुसत्या वायरीवर चालवलं. मग मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासून परत बसवले. मग पडद्याकडे जाणारी केबल बिजागरीत चिरडतेय असं ठरलं, म्हणून बिजागरी सैल झाली, आणि तेव्हापासून पडद्याला पाठीमागे रिळांच्या डब्याचा टेकू लागायला लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. प्रत्येक वेळी लिफ्टवाले स्वतः समोर बसून तासन् तास चालवून बघायचे, लेकीशी स्वतः बोलायचे, आणि लॅपटॉप एखाद्या आज्ञाधारक पोरासारखा टक्क जागा राहायचा. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातही ठेवून झाला. दुकानदाराने तो परत देताना सांगितलं, "काका, याला काही झालेलं नाही. माझ्याकडे तर एकदाही बंद पडला नाही."

"माझ्यासमोरच का झोपतो मग?" बाईंनी विचारलं.

"तुझ्या हातातच दोष आहे बहुतेक," लिफ्टवाले हसत म्हणाले.

थट्टाच होती. पण बाईंना ती लागली. आयुष्यभर ज्या हातांच्या जोरावर खाल्लं, त्या हातांबद्दल कुणी हसूनही काही बोललेलं त्यांना खपत नसे. नुसत्या काजं करत बसल्या, आणि त्या दिवशीची काजं जरा मोठीच झाली.

लेकीचं येणं पातळ होत चाललं. आधी दर दोन-तीन दिवसांनी यायची, मग आठवड्याने, मग काहीतरी निमित्त सांगून पुढे ढकलायची. बापाशी बोलायची ती लवकर आटपायची. बाई दुपारी वाट बघत मशीनवर बसायच्या आणि गुंगी यायची. त्या गुंगीत एक स्वप्न पडायचं. लिफ्ट वर चालली आहे, तिला जाळीचं दार आहे, आत लेक उभी आहे, शाळेच्या कपड्यांत पण आताच्या वयाची. बाई जिन्यावरून धावत प्रत्येक मजल्यावर पोचतात, तर लिफ्ट तेवढ्यात पुढे निघालेली. जाळीतून लेक काहीतरी बोलतेय, ओठ हलतायत. बाईंच्या हातात मोजपट्टी आहे आणि त्या मूर्खासारख्या विचारतायत, "खांदा केवढा झाला?" मग पायट्यावरचा पाय थांबायचा, खोली परत मधाच्या रंगाची व्हायची, आणि लॅपटॉप टेबलाच्या कडेला, गादीवर निजलेल्या मांजरासारखा, मिटून पडलेला असायचा.

एका दुपारी बटणांच्या फोनवर लेकीचा निरोप आला. "आई, तुला नसेल ऐकायचं तर राहू दे. मी परत विषय काढणार नाही."

बाईंनी तो परत परत वाचला. नंतर फोन पालथा घालून टेबलावर ठेवला. म्हणजे पोरीला वाटत होतं की आईच झाकण मिटतेय. आपणही तसंच समजलो असतो, बाईंच्या मनात आलं. दर वेळी नेमकं तिथेच कोण बंद पडतं? झोपेचं सोंग घेणाऱ्याला कधी जागं करता येतं का?

आणि खोटं कशाला बोला, एक गोष्ट बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. पडदा काळा व्हायचा तेव्हा धस्स व्हायचं, पण त्या धस्समागून एक गारवाही यायचा. सुटलो, असं वाटायचं. लेक जे सांगणार होती ते बाईंना माहीत नव्हतं, पण ते चांगलं नव्हतं एवढं आवाजावरून कळत होतं. कापड हातात घेतलं की आत कुठे कसर लागली आहे ते डोळे मिटून कळतं, तसं. काळी काच समोर आली की निदान आजचा दिवस तरी निभावला, असं वाटायचं आणि मग त्याची लाज वाटायची.

"अहो," बाई त्या संध्याकाळी म्हणाल्या, "तो नीट करा. नाहीतर टाकून द्या आणि नवा आणा. पण पोरगी चालली माझी."

लिफ्टवाले त्यांच्याकडे बघत राहिले. बाई अशा कधी बोलत नसत.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी चादर परत अंथरली. या वेळी सगळं सगळं उघडून बघायचं ठरवलं होतं. खालचं झाकण काढलं, मुगाएवढे बारीक स्क्रू डब्याच्या झाकणात ओळीने मांडले. त्यांची ती रीतच होती, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे, म्हणजे परत बसवताना चुकत नाही. बाई बाजूला उभ्या होत्या. स्क्रूंच्या मधोमध एक दोरा पडलेला त्यांना दिसला. दोरा दिसला आणि उचलला नाही असं बाईंच्या हातून या जन्मात होणं शक्य नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला.

सगळे स्क्रू ओळ मोडून उडाले आणि टक टक टक करत त्यांच्या मनगटावर जाऊन बसले.

"अगं, माझी रांग," लिफ्टवाले म्हणाले आणि थांबले.

बराच वेळ ते त्या मनगटाकडेच बघत होते. खिडकीच्या अस्तरावरून एक सावली गेली, दुसरी गेली. बाईंना वाटलं, यांना काही झालं की काय.

"तू याच्यासमोर बसतेस तेव्हा ही गादी हातावर असते?" त्यांनी हळू विचारलं.

"मग काय उतरवून ठेवते? ती कधी उतरते?"

लिफ्टवाल्यांनी एकेक स्क्रू मनगटावरून वेचला, खालचं झाकण परत बसवलं, लॅपटॉप चालू केला, रिळांच्या डब्याचा टेकू दिला. पडदा उजळला. मग त्यांनी बायकोचा हात आपल्या हातात घेतला. भरदुपारी, टेबलाशी उभं राहून असा हात धरण्याची या घरात पद्धत नव्हती, त्यामुळे बाई जरा अवघडल्या. त्यांनी तो हात अलगद नेऊन लॅपटॉपच्या डाव्या कडेवर ठेवला. पडदा काळा झाला. हात उचलून बटण दाबलं, पडदा उजळला. परत ठेवला, काळा झाला.

"लेकीचा आवाज बारीक झाला की तू इथे हात टेकून पुढे वाकतेस," ते म्हणाले. "झाकण मिटलंय की उघडं आहे हे याला कसं कळतं माहितीय? झाकणात एक चुंबक असतं. ते खाली या कडेजवळ आलं की याला वाटतं, मिटलं मला, आता झोपायचं. आमच्या लिफ्टीला मजला असाच कळायचा गं. चुंबकावरूनच. अख्खा जन्म गेला माझा त्यात." त्यांनी चष्मा काढला, दुसराही काढला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि ती गादी केली कुणी, तर मीच."

बाई खुर्चीवर बसल्या. एकाएकी त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. हाताला दोष होता तो खराच होता म्हणायचा. पोरीकडे झुकलं, तिच्या जवळ जायला हात पुढे केला, की तोच हात तिला घालवत होता.

"तुम्ही तोंड पाडू नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझी कंबर वाचली या गादीने. आता पोरीला लावा. आत्ताच लावा."

त्यांनी पट्टा सोडला. गादीखालची कातडी पांढरी पडली होती. गादी त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि येऊन बसल्या. हात फार हलका वाटत होता, आपला नसल्यासारखा. लिफ्टवाल्यांनी लेकीला हाक लावली. बराच वेळ ती घंटा वाजत राहिली. ती घेणार नाही, असं दोघांनाही वाटून गेलं.

लेक आली. मागे दिवा होता, त्यामुळे चेहरा आधी नीट दिसलाच नाही.

"बोला बाबा," ती म्हणाली. मग आईला बघून जरा सावरून बसली.

"मी कट करत नव्हते गं," बाई म्हणाल्या. रामराम नाही, काही नाही. त्यांनी सगळं सांगितलं, स्क्रूंपासून उलटं, भरभर, मधे मधे लिफ्टवाले त्यांना सुधारत होते आणि त्या त्यांना गप्प करत होत्या. लेक ऐकत होती. गादीपाशी आल्यावर तिने तोंडावर हात ठेवला आणि ती हसली. खूप हसली. मग खांदे तसेच हलत राहिले, पण ते हसणं राहिलं नव्हतं.

"मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलंय," ती म्हणाली. "आणि तुला माझ्या तोंडून ऐकायचं नाहीये. म्हणून मी विषय काढला की तू बंद करतेस. आई, मी किती वेळा ठरवून बसले असेन."

"काय सांगितलंय?"

लेकीचा आवाज खाली गेला. बाई सवयीने झुकल्या. डावा हात आपसूक जाऊन कडेवर टेकला. आणि एक क्षण, अगदी एकच क्षण, बाईंनी काळ्या काचेची वाट पाहिली. ती आली नाही. लेक तिथेच होती, दिव्याच्या उजेडात, आणि आता मधे कुणीच नव्हतं.

"तो इथे राहत नाही आता," लेक म्हणाली. "आम्ही वेगळे झालो. भांडण नाही झालं. त्याने मला त्रास दिला असं पण नाही. नुसतं संपलं गं. मला सांगताच येत नाही कसं. तुला तो किती आवडतो मला माहितीय."

लिफ्टवाले खिडकीकडे वळले आणि अस्तराची कड सारखी करू लागले. ती सारखीच होती.

बाईंच्या घशाशी प्रश्नांची रांग लागली होती. का संपलं, कुणाचं चुकलं, त्याच्याशी मी बोलू का, आता पुढे काय. लोक काय म्हणतील हाही त्यात होता, नाही कशाला म्हणा. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी त्यांना तो पोरगा आठवला, अंगणात उभा राहून माप देणारा, हात पसरून, गुदगुल्या झाल्यावर हसणारा. त्याच्यासाठी पोटात तुटलं. ते तुटणं त्यांनी तिथेच ठेवलं. आत्ता समोर त्यांची लेक होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तू खांद्याचं माप विचारलंस ना. त्याच्या आदल्या आठवड्यात गेला."

बाई मागे मागे जाऊ लागल्या. तेव्हापासून किती वेळा बोलणं झालं असेल. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, पहिलं वाक्य काय होतं त्यांचं? "जेवलात का गं दोघं?" आणि लेक म्हणायची, "हो आई, जेवलो." तिच्याकडे तिन्हीसांज असायची, मागे दिवा असायचा, आणि ती दोघांच्या वतीने हो म्हणायची.

"म्हणजे इतके दिवस एकटीच जेवतेस?" बाई म्हणाल्या.

लेकीने याची तयारी केली नव्हती. बाकी कशाकशाची करून बसली असेल, पण याची नाही. तिचा चेहरा लहान झाला.

"ताट घेत नाही गं," ती म्हणाली. "ओट्याशी उभी राहून खाते काहीतरी. मांडून बसलं की समोरची खुर्ची दिसते."

"आज काय केलंयस?"

"भात आहे थोडा. अंडं आहे."

"घेऊन ये. इथे ये घेऊन, माझ्यासमोर. मला त्या खुर्चीवर ठेव."

लेक उठली. पडदा हलला, छत दिसलं, दिवा दिसला, एका घराचं अनोळखी दार दिसलं, आणि मग सगळं स्थिर झालं. आता समोर टेबल होतं, टेबलापलीकडे लेक. तिने ताट आणलं. भात खरंच थोडा होता.

"पाणी?" बाई म्हणाल्या.

लेक परत उठून पाणी घेऊन आली. बसली. पहिला घास तिने घेतला तो घशाखाली उतरायला जरा वेळ लागला, बाईंनी तो उतरताना बघितला. मग दुसरा घेतला. खिडकीतलं ऊन हळूहळू टेबलावरून खाली फरशीवर गेलं. लिफ्टवाले येऊन बायकोच्या खुर्चीमागे उभे राहिले. बाईंचे दोन्ही हात रिकामे होते, शिवण नाही, कात्री नाही. दुपारी अशा रिकाम्या हातांनी त्या कधी बसल्या असतील तर ती पोरगी अंगावर पीत होती तेव्हाच.

ताटातलं अर्धं संपल्यावर लेकीने वर बघितलं.

"आई, तुझी कामं पडली असतील. ठेवू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "तू सावकाश जेव. मी बसलेय इथे."